चांदा प्रांतांतील सायकल : कर, आंदण व अनुदान

(१)

या त्रैमासिकाच्या पानांत सनदा, महजर, करीने, शकावल्या व ताम्रपट यांस स्थान मिळत आलें आहे. त्यांच्या पंक्तीस सायकलीसारखी अलीकडची व नित्याची वस्तु आणून बसवावी, हें कित्येक वाचकांस प्रथमदर्शनीं रुचणार नाहीं. परंतु साधनाचें मोल त्याच्या वयावर ठरत नसून त्यापासून काय कळतें यावर ठरतें. जासुदांच्या जोडीस वेतन काय मिळे, एका मजलेचें अंतर किती धरीत, नदीच्या उतारावर कोणती पट्टी घेत, हे प्रश्न आपण जुन्या दप्तरांस विचारीत असतों. चंद्रपूर व गडचिरोली या दोन वनप्रधान जिल्ह्यांत मनुष्य एका गांवाहून दुसऱ्या गांवास कसा जात असे व आज कसा जातो, हा प्रश्नही त्याच जातीचा आहे.

अलीकडे ठिकठिकाणच्या नगरपालिकांनीं व महानगरपालिकांनीं नागरिकांस सायकलीकडे वळविण्याच्या मोहिमा काढल्या आहेत. त्यांचें यशापयश समजून घ्यावयाचें तर या वाहनाचा पूर्वेतिहास पाहिला पाहिजे. आमचें प्रतिपाद्य थोडक्यांत असें कीं, सरकारनें सायकलीकडे प्रथम कराची बाब म्हणून पाहिलें, समाजानें पुढें ती आंदणांत घातली, आणि आज सरकारच ती अनुदान म्हणून देत आहे. परंतु या तिन्ही अवस्थांत ती केवळ उपदेशानें वाढलेली नाहीं. अंतर, रस्ता व गरज हीं तीन जेथें जुळलीं तेथेंच ती वाढली.

(२)

आरंभीं शब्दांचा विचार करूं. ‘सायकल’ हा शब्द इंग्रजींतून आला खरा, पण तो आपणांस अगदींच परका नाहीं. ग्रीक ‘कुक्लोस’ हें त्याचें मूळ. आणि ‘कुक्लोस’ व संस्कृत ‘चक्र’ हीं एकाच भारत-युरोपीय शब्दाचीं रूपें होत, हें तौलनिक भाषाशास्त्रानें निश्चित केलें आहे. चाकाच्या काडीस आपण ‘आरा’ म्हणतों, तो संस्कृतांतील ‘अर’. म्हणजे चाक व आरा हे शब्द बंडीबरोबर आपल्या घरीं होतेच. नवीन आले ते पायडल, चेन, हँडल आणि पंक्चर.

मराठींत या वाहनास ‘पायगाडी’ व ‘दुचाकी’ असेही शब्द योजीत. यांपैकीं ‘पायगाडी’ लोपली. ‘दुचाकी’ राहिली, पण तिचा अर्थ बदलला. आज दुचाकी म्हटलें कीं ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढें मोटारसायकल उभी राहते. जुन्या कागदांत ‘दुचाकी’ शब्द आढळल्यास संग्राहकांनीं कागदाचा काळ पाहूनच अर्थ लावावा. शब्दाचें हें स्थलांतर वाहनाच्या प्रतिष्ठेंत काय फरक पडला याचाच एक पुरावा आहे.

(३)

प्रदेशाविषयीं दोन शब्द सांगणें अवश्य आहे. नागपूरचें राज्य १८५४ सालीं खालसा झाल्यावर चांदा हा इंग्रजी अंमलाखालील जिल्हा झाला. गोदावरी व इंद्रावती यांच्या बाजूचा सिरोंच्याचा मुलूख प्रथम स्वतंत्र जिल्हा होता. तो १८७४ सालीं मोडून त्याचा भाग चांद्यास जोडला गेला. चांद्याचें चंद्रपूर हें नामांतर १९६४ सालचें, आणि गडचिरोली जिल्हा वेगळा झाला तो २६ ऑगस्ट १९८२ रोजीं. तेव्हां ‘जिल्हा चांदा’ अशी नोंद असलेला कागद वैनगंगेच्या अलीकडचा असेल किंवा पलीकडचाही असेल, हें ध्यानांत ठेवावें.

या मुलुखांत वाहन म्हणजे बैलांची बंडी. ती पांदणीनें जाई, नदीच्या पात्रांतून उतरे आणि पावसाळ्यांत चार महिने गोठ्याशेजारीं उभी राही. रेल्वे वर्ध्याहून वरोऱ्यापर्यंत आली ती १८७० नंतरच्या दशकांत, आणि तीही प्रवाशांपेक्षां तेथील कोळशासाठीं. पुढें गोंदियाहून चांदाफोर्टकडे लोहमार्ग आला. पण वैनगंगेच्या पूर्वेस पसरलेल्या विस्तीर्ण अरण्यास त्याचा स्पर्श वडशापुरताच झाला. गडचिरोली जिल्ह्याचें क्षेत्र १४,४१२ चौरस किलोमीटर असून त्याचा तीन-चतुर्थांशाहून अधिक भाग वनाखालीं आहे. भामरागडास पर्लकोटेला पूर आला म्हणजे वाट तुटते, हें पावसाळ्याचें नेहमींचें वर्तमान होय. अशा ठिकाणीं बंडी व पाय यांच्यामध्यें दुसरें वाहन नव्हतें. ती मधली जागा सायकलीनें भरून काढली.

आज आपण जिला सायकल म्हणतों ती घडण्यास जवळजवळ पाऊणशें वर्षें लागलीं. जर्मनींतील कार्ल ड्रेस यानें १८१७ सालीं पायांनीं जमीन रेटीत चालविण्याची दोन चाकांची गाडी केली. सारख्या चाकांची व मागील चाकास चेनीनें गति देणारी ‘रोव्हर’ सायकल इंग्लंडांत कॉव्हेंट्री येथें जॉन केम्प स्टार्ली यानें १८८५ सालीं आणली, आणि हवा भरलेला रबरी टायर डनलॉप यानें १८८८ सालीं सिद्ध केला. हा शेवटचा शोध आपल्या दृष्टीनें सर्वांत महत्त्वाचा. कारण खडकाळ व खाचखळग्यांच्या वाटेवर भरीव चाकाची गाडी निरुपयोगी ठरली असती.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत सायकली मुंबई व कलकत्त्यास उतरूं लागल्या आणि तेथून अधिकारी, वकील, मिशनरी व शिक्षक यांच्याबरोबर जिल्ह्याच्या गांवीं आल्या. त्या काळच्या सायकली विलायती असत. रॅले, हंबर, हर्क्युलिस, बी. एस. ए., फिलिप्स हीं नांवें आजही जुन्या सांगाड्यांच्या कपाळपट्टीवर वाचावयास मिळतात. या देशांत कारखाने निघाले ते १९३८-३९ च्या सुमारास कलकत्ता व मुंबई येथें. स्वातंत्र्यानंतर मद्रासेस टी. आय. सायकल्स १९४९ सालीं, सोनपतास अ‍ॅटलस १९५१ सालीं व लुधियान्यास हीरो १९५६ सालीं निघाला, आणि सायकल शेतकऱ्याच्या आटोक्यांत आली.

डेव्हिड अर्नोल्ड या इतिहासकारांनीं २०१३ सालच्या आपल्या ग्रंथांत हिंदुस्थानाच्या आधुनिकतेचा विचार करतांना रेल्वे व तारायंत्र बाजूस ठेवून सायकल, शिवणयंत्र, टंकयंत्र व भातगिरणी हीं चार लहान यंत्रें घेतलीं आहेत. मूल, सिंदेवाही, ब्रह्मपुरी या धानाच्या पट्ट्यांतील कोणत्याही बाजारपेठेंत हीं चारही यंत्रें एकाच रस्त्यावर नांदलेलीं आहेत. या दृष्टीनें पूर्व चांदा प्रांताचा अर्वाचीन इतिहास लिहिण्याचें काम अद्याप कोणीं तरी अंगावर घेण्यासारखें आहे.

(४)

आतां कराकडे वळूं. चांदा येथें नगरपालिका १८६७ सालीं स्थापन झाली. मध्य प्रांतांतील नगरपालिकांचा कायदा १९२२ सालीं झाला. त्यानें स्वारीच्या, ओढण्याच्या व ओझ्याच्या वाहनांवर व जनावरांवर कर बसविण्याचा अधिकार नगरपालिकांस दिला. पुढें महाराष्ट्राच्या १९६५ सालच्या कायद्यांतही वाहनकराची तरतूद आहे. या अधिकाराच्या बळावर महाराष्ट्रांतील अनेक नगरपालिकांनीं सायकलीवर वार्षिक कर घेतला. कर भरला म्हणजे पावती व धातूचा एक बिल्ला मिळे. त्यावर गांवाचें नांव, साल व अनुक्रमांक ठोकलेला असे. बिल्ला नसलेली सायकल पकडली जाई, रात्रीं दिवा नसल्यास दंड होई, आणि ‘डबलसीट’ जाणाऱ्यास शिपायाची शिट्टी ऐकूं येई.

कराचें उत्पन्न फार मोठें नव्हतें, परंतु त्याचें ऐतिहासिक मोल मोठें आहे. ज्या वस्तूवर कर असतो तिची मोजदाद होते. बिल्ल्याचा अनुक्रमांक हा त्या गांवांतील त्या सालच्या सायकलींचा कमींतकमी आंकडा होय. एकाच गांवाचे निरनिराळ्या सालांचे दहा बिल्ले हातीं आले तर त्या गांवांत सायकल कशी वाढली याचा आलेख काढतां येतो. नाण्यांवरून राजांचा अनुक्रम लावणाऱ्या वाचकांस ही रीति नवीन सांगावयास नको.

(५)

दुसरी अवस्था आंदणाची. स्वातंत्र्यानंतरच्या तीन दशकांत घड्याळ, सायकल व रेडिओ ही त्रयी लग्नाच्या बोलणींत आली. हुंडाबंदीचा कायदा १९६१ सालीं झाला, तरी याद्या लिहिणें थांबलें नाहीं. या याद्या संग्राहकांनीं उपेक्षूं नयेत. भांडीं, लुगडीं व पागोटीं यांच्या ओळींत सायकल कोणत्या सालीं प्रथम शिरली आणि मोटारसायकलीनें तिला कोणत्या सालीं हुसकून लावलें, हें त्यांवरून समजतें.

याच काळांत सायकल सरकारी कामाची व बाजाराची झाली. टपाल, शाळा, जंगलपहारा, हिवतापाची फवारणी हीं सर्व कामें तिच्यावर चालूं लागलीं. धानाचें पोतें, सरपणाची मोळी, आठवडी बाजाराचें गांठोडें आणि मागें कॅरिअरवर बसलेली माणसें, एवढें ओझें तिनें वाहिलें. ज्यापाशीं स्वतःची नव्हती तो तासाच्या भाड्यानें घेई. अशा भाड्याच्या दुकानांतील वह्यांत नांव, वेळ व पैसे यांची नोंद असे. कोण कोठें व किती वेळ जाई याचा एवढा बारकाईचा लेख दुसऱ्या कोणत्याही दप्तरांत सांपडणें कठीण.

पुढें मोटारसायकल स्वस्त झाली व सायकलीची प्रतिष्ठा उतरली, परंतु सायकल नाहींशी झाली नाहीं. २०११ च्या जनगणनेप्रमाणें देशांतील ४४.८ टक्के कुटुंबांपाशीं सायकल होती. मोटारसायकल किंवा स्कूटर सुमारें २१ टक्क्यांपाशीं. नगरांतील वाचक ज्या वाहनास गतकाळचें समजतो तें त्या सालीं मोटारी दुचाकीच्या दुपटीहून अधिक घरांत उभें होतें.

(६)

आतां मोहिमांचा विचार. चंद्रपूर जिल्ह्यानें सायकलीची एक थोर मोहीम देशास दिली आहे. वरोऱ्याजवळ आनंदवन उभारणारे बाबा आमटे यांनीं सत्तरी ओलांडल्यावर, डिसेंबर १९८५ मध्यें, कन्याकुमारीहून काश्मीरपर्यंत ‘भारत जोडो’ यात्रा काढली. पाठीच्या व्याधीमुळें स्वतः बाबांस सायकलीवर बसणें शक्य नव्हतें. शंभराहून अधिक तरुण-तरुणींनीं सुमारें पांच हजार किलोमीटरांचें अंतर सायकलीनें काटलें. देशांत फुटीरपणाचें वारें वाहत असतां लोकांत मिसळत जाणें हा त्या यात्रेचा हेतु होता. मोटारींतून जाणाऱ्यास लोक लांबून पाहतात, सायकलीवरून आलेल्यास पाणी विचारतात. वाहनाची ही निवड हेतूस अनुरूप होती, आणि म्हणूनच ती मोहीम स्मरणांत राहिली.

नगरांच्या मोहिमांची कथा निराळी आहे. पुणें एके काळीं सायकलींचें शहर म्हणून ओळखलें जाई. तेथील महानगरपालिकेनें डिसेंबर २०१७ मध्यें सर्वंकष सायकल आराखडा मंजूर केला आणि आठशेंहून अधिक किलोमीटरांच्या मार्गांचें जाळें कागदावर आंखलें. त्याच सुमारास भाड्याच्या सायकली रस्त्यावर आल्या; लोकांनीं त्या हौसेनें वापरल्या, पण कांहीं मोडल्या गेल्या, आणि दोन-तीन वर्षांत बहुतेक कंपन्यांनीं काढता पाय घेतला. २०२० सालीं, करोनाच्या सांथींत, केंद्र सरकारनें शहरांसाठीं सायकलींची स्पर्धा लाविली. तिच्यांत स्मार्ट शहरें, राजधान्या व पांच लाखांहून अधिक वस्तीचीं शहरें घेतलीं होतीं. नागपूर त्यांत उतरलें; २०११ च्या गणनेंत ३ लाख २० हजार वस्ती असलेलें चंद्रपूर त्या मापांत बसत नव्हतें.

चंद्रपुरास मोहीम आली ती राज्याच्या ‘माझी वसुंधरा’ अभियानांतून. २ ऑक्टोबर २०२० रोजीं सुरू झालेल्या या अभियानाची मांडणी भूमि, जल, वायु, अग्नि व आकाश या पंचमहाभूतांवर केलेली आहे, आणि सायकलीस उत्तेजन देणें हें वायूच्या सदरांत येतें. चंद्रपुरीं हें सदर नुसतें नांवाचें नाहीं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २००९ सालच्या निर्देशांकांत हें औद्योगिक क्षेत्र ८३.८८ गुणांनीं देशांत चौथें होतें, आणि २०१९ च्या राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रमाच्या यादींतही या शहराचें नांव आहे. एका बाजूस औष्णिक वीजकेंद्र, दुसऱ्या बाजूस कोळशाच्या खाणी, आणि मे महिन्यांत ४५ अंशांवर जाणारा पारा, अशा स्थितींत सायकलस्वारास श्वास जपावा लागतो.

तरीही शहराची ठेवण सायकलीस प्रतिकूल नाहीं. गोंड राजांचा परकोट आजही उभा आहे. उत्तरेच्या जटपुरा दरवाज्यापासून दक्षिणेच्या पठाणपुरा दरवाज्यापर्यंत जाण्यास सायकलीला पंधरा मिनिटांहून फार अधिक वेळ लागूं नये. परकोटाचे दरवाजे हत्ती, घोडा व बंडी यांच्या मापानें बांधलेले आहेत. मोटारींची जी कोंडी जटपुरा दरवाज्यापाशीं होते ती सायकलींची होणार नाहीं. म्हणजे अंतर व गरज येथें आहेत. उणीव आहे ती सावलीच्या व सुरक्षित वाटेची. वाट न देतां केवळ फेरी काढली तर लोक फेरीपुरते सायकलीवर बसतात व दुसऱ्या दिवशीं मोटारसायकलीची किल्ली फिरवितात.

(७)

याउलट गडचिरोलीकडे पाहावें. महाराष्ट्र शासनानें २००६ सालीं मानव विकास मिशन स्थापिलें व आरंभीं जे बारा मागासलेले जिल्हे घेतले त्यांत गडचिरोली होता. २०११ सालीं हा कार्यक्रम तालुका धरून १२५ तालुक्यांत नेला. त्यांत इयत्ता ८ वी ते १२ वीच्या गरजू मुलींस सायकल देण्याची योजना आहे. शाळेपासून ५ किलोमीटरांच्या आंत राहणारीस सायकल, व त्याहून दूरच्या मुलींसाठीं एस. टी. ची निळी बस, असा विभाग केलेला आहे. सायकलीचें अनुदान २०२२ सालीं ३,५०० रुपयांवरून ५,००० रुपये झालें.

या योजनेची रचना बारकाईनें पाहण्यासारखी आहे. खेड्यांतील प्राथमिक शाळा पांचवी-सातवीपर्यंत नेते. माध्यमिक शाळा बहुधा मोठ्या गांवीं असते. आठवी हा उंबरठा होय, आणि शिकणाऱ्या मुलीचें नांव तेथेंच पटावरून निघतें. पांच किलोमीटर चालावयास तासाहून अधिक वेळ लागतो, सायकलीस वीस-पंचवीस मिनिटें पुरतात. जातांना व येतांना मिळून वांचणारे ते दीड तास म्हणजे घरचें पाणी, शेण-गोठा व अभ्यास यांचा मेळ होय. शिवाय रानवाटेनें एकटी चालणारी मुलगी आणि मैत्रिणींच्या घोळक्यांत सायकलीनें जाणारी मुलगी यांच्याविषयींची आईबापांची चिंता सारखी नसते.

हा केवळ तर्क नाहीं. बिहार सरकारनें २००६ सालीं नववीच्या मुलींस सायकली देण्याचा उपक्रम आरंभिला. कार्तिक मुरलीधरन व निशीथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनीं शेजारच्या झारखंडाशीं ताडून त्याचें परीक्षण केलें. २०१७ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधाप्रमाणें माध्यमिक शाळेंतील योग्य वयाच्या मुलींची भरती ३२ टक्क्यांनीं वाढली, आणि मुलगे व मुली यांच्यांतील अंतर ४० टक्क्यांनीं घटलें. शाळा तीन किलोमीटर वा अधिक दूर असलेल्या गांवांत हा परिणाम विशेष दिसला. तामिळनाडूंतील पुदुक्कोट्टै जिल्ह्यांत १९९० नंतर साक्षरतेच्या चळवळींतच बायकांस सायकल शिकविली, आणि हजारों बायका त्या वाहनावर बसल्या. तेथेंही मोहिमेच्या मागें पाणी आणणें, बाजार करणें व मुलांस शाळेंत पोंचविणें अशी रोजची गरज उभी होती.

यावरून आमचा निष्कर्ष असा. पुण्यांत आराखडा होता, पण वाट पुरी झाली नाहीं. चंद्रपुरांत अंतर व गरज आहेत, पण वाट सुखाची नाहीं. गडचिरोलीच्या मुलीपाशीं अंतर व गरज दोन्हीं होतीं, वाट जशी होती तशी होती, आणि उणीव होती ती खुद्द वाहनाची. ती भरतांच सायकल चालूं लागली. नगरांनीं लोकांस सायकलीवर बसवावयाचें तर प्रथम आपल्याकडे तिहींपैकीं काय उणें आहे तें पाहावें.

(८)

शेवटीं साधनांविषयीं. ज्या दोन जिल्ह्यांत गोंड राजांच्या सनदा शोधीत आपण गांवोगांव फिरतों, त्याच जिल्ह्यांत गेल्या शंभर वर्षांच्या हालचालीचे कागद रद्दींत जात आहेत. सरकारी दप्तराच्या वर्गवारींत ‘अ’ वर्गाचे कागद कायम राहतात, ‘ब’ वर्गाचे ३० वर्षें. ‘क’ वर्गाचे त्याहून अल्प काळ, आणि ‘ड’ वर्गाचे तर वर्षभरांत नष्ट करतां येतात. पावत्या, बिलें व वांटपाच्या नोंदी बहुधा अल्पमुदतीच्या वर्गांत पडतात. सायकलखरेदीची जी पावती मुलगी शाळेंत आणून देते तिचें आयुष्य यामुळें त्या सायकलीहूनही कमी असण्याचा संभव आहे. भाड्याच्या दुकानांच्या वह्यांस तर दप्तराचें संरक्षण मुळींच नाहीं. दुकान उठलें कीं वही चुलींत जाते.

म्हणून संग्राहकांस आमची विनंति आहे. नगरपालिकेचे बिल्ले मिळाल्यास ते चिंच लावून घासूं नयेत. घासल्यानें ठोकलेले अंक झिजतात व साल वाचतां येत नाहीं. बिल्ला जेथें मिळाला तें गांव व ज्या घरांतून मिळाला त्या घराचा धंदा लिहून ठेवावा. जुन्या सायकलीच्या सांगाड्यावरील क्रमांक व कपाळपट्टी यांचा ठसा कागदावर पेन्सिलीनें घ्यावा. आंदणाच्या याद्यांतील सायकलीची ओळ तेवढी फाडून न घेतां यादी अखंड ठेवावी. शाळांतील वांटपाच्या नोंदी उतरतांना मुलींचीं नांवें प्रसिद्ध करूं नयेत. गांव, साल, शाळेचें अंतर व संख्या एवढें टिपलें म्हणजे इतिहासास पुरेसें आहे.

चांदा प्रांतांतील हत्ती, घोडे व मेणे यांच्या नोंदी राजेरजवाड्यांच्या दप्तरांत राहिल्या, कारण त्यांवर बसणारीं माणसें मोठीं होतीं. सायकलीवर बसलेल्या टपालवाल्याचें, जंगलपहारेकऱ्याचें व आठवींतल्या मुलीचें दप्तर ठेवणारा दुसरा कोणी नाहीं. ज्यांच्यापाशीं असे कागद किंवा बिल्ले असतील त्यांनीं ते मंडळाकडे पाठवावेत, अथवा त्यांची यादी तरी प्रसिद्ध करावी.